काकांनी आधीच सही केली होती

मंडळी, आज सकाळी जे काका आमच्या गाडीतून नागपूरला आले, त्यांनीच दुपारी आमचा घात केला.

गावातल्या दांडग्यांनी माझ्या भावाला मारलं, त्याचा पाय गेला. खटला तालुक्याच्या कोर्टात आहे. मारताना पाहणारे एकटे शेजारचे काका. तेच म्हणाले होते, "केस नागपूरले ने वं पोरी. इथं मले तोंड उघडू नाही देणार." म्हणून तर हायकोर्टात अर्ज केला!

आज समोरच्या वकिलाने काकांचंच शपथपत्र वाचलं. 'माझ्यावर दबाव नाही, तालुक्यातच साक्ष देईन.' सही गेल्या आठवड्यातली. आणि सकाळी माझ्या डब्यातले पोहे खाताना हा माणूस चकार शब्द बोलला नाही.

अर्ज फेटाळला.

बाहेर मी विचारलं, "काहून केलं असं?"

"ते घरात येऊन बसले वं. सही होईस्तोवर उठलेच नाही."

अहो, हेच तर कोर्टाला सांगायचं होतं! म्हटलं, चला, आत्ता वकिलांना सांगा. काकांनी हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले.

हे लिहितेय तेव्हाही ते माझ्या शेजारीच आहेत. 'मी घाबरलो नाही' असं घाबरून लिहून देणाऱ्या माणसाची भीती कोर्टाला दाखवायची कशी? कुणी सांगाल?