ड्रॉवरमधले फोन

मागच्या महिन्यातला एक शनिवार-रविवार. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप, भिंतीवर प्रोजेक्टर, खाली सतरंजी, मध्ये भडंगाचं पातेलं... आणि मोटारसायकल रेसिंगची वेडी आम्ही सात-आठ माणसं. इतकी वर्षं एका ग्रुपवर भांडणारे आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना समोरासमोर बघत होतो.

हसू नका, पण रेसिंगचे एवढे वेडे असून निम्मे लोक एसटीने आले होते. मी तर साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन... शनिवारी स्प्रिंट म्हणजे छोटी रेस, रविवारी मेन रेस आणि मधल्या रात्री सांगलीत विश्रामबागला मावसबहिणीकडे मुक्काम असा बेत होता. "आपल्या घरी टीव्ही नाही का?" असं नवऱ्याने विचारलं. त्याला काय समजावणार...

खरं सांगते, मला सगळ्यात जास्त भेटायचं होतं ते विनायकदादांना. (नाव बदललंय.) दादा विट्याचे. बरीच वर्षं तमिळनाडूत त्यांचं गलाईचं दुकान होतं, म्हणजे सोनं गाळायचं. आता गावी परतलेत.

रेस चालू असताना ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा, "आता बघा." मग खाली एकच ओळ... अमक्याचा मागचा टायर संपलाय, तमका पुढच्या वळणावर आत घुसणार. आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. मी तर टीव्हीचा आवाज बंद करून त्यांचे मेसेज वाचत रेस बघायचे.

व्हॉइस नोट मात्र त्यांनी कधी पाठवली नाही. फोनही कधी केला नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी ग्रुपची अ‍ॅडमिन. त्यामुळे भेटीचा नियम माझ्याच सुपीक डोक्यातून निघाला... रेस चालू असताना सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये. इतकी वर्षं नुसतं टाईप केलं, आता जरा तोंडाने बोलूया की! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्कशॉपचा मालक संतोष, तोही ग्रुपमधलाच, त्याने लेथशेजारचा एक ड्रॉवर रिकामा करून दिला.

विनायकदादांनी फोन सगळ्यात शेवटी ठेवला. थोडा वेळ तसाच हातात धरून... हे मला आता आठवतंय. तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

शनिवारी स्प्रिंट सुरू झाली आणि संतोष म्हणाला, "सांगा दादा, आता काय हुतंय?" सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागलो. दादांनी तोंड उघडलं आणि पहिलंच अक्षर अडकलं. मान ताठ झाली, डोळे मिटले... शब्द काही बाहेर पडेना.

आम्ही वाईट माणसं नाही हो. कुणी हसलं नाही. उलट सगळे मदतीला धावले... टायर का? ब्रेक का? तो मागचा रायडर का? जो तो त्यांचं वाक्य पूर्ण करून द्यायला बघत होता. शेवटी दादांनी कशाला तरी मान डोलावली, उठले आणि भडंगासाठी कांदा चिरायला बसले. किती कामसू माणूस, असं मी मनात म्हटलं.

रविवारी ते पुन्हा आले, हेच विशेष. मागे दाराजवळच्या स्टुलावर बसले. कुणी त्यांना काही विचारलं नाही... त्यांना त्रास नको म्हणून.

शेवटच्या काही लॅप उरल्या होत्या. आमचा सगळ्यांचा लाडका रायडर पुढे होता आणि आम्ही बेभान. तेवढ्यात दादा उठून थेट भिंतीपाशी गेले आणि त्या रायडरच्या पुढच्या चाकावर बोट ठेवलं. त्यांची सावली अख्ख्या ट्रॅकवर पडली.

"आवं दादा, बसा की खाली, काय बी दिसंना झालंय," संतोष म्हणाला. मीही म्हणाले, "सरका ना जरा." दादा सरकले.

पुढच्याच लॅपला ब्रेक मारताना पुढचं चाक निसटलं आणि आमचा रायडर घसरत खडीत गेला. आम्ही डोकं धरून बसलो. मागे वळून कुणीच बघितलं नाही. भिंतीवर बक्षीस समारंभ सुरू झाला तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि ड्रॉवरमधला त्यांचा फोन गेला होता.

साताऱ्याच्या एसटीत बसल्यावर मी ग्रुप उघडला... दादा विट्याच्या गाडीतून टाईप करत होते. अगदी पहिल्या लॅपपासून. कुणी ब्रेक उशिरा मारला, कुणाचा टायर कधी गेला, आमच्या रायडरचं पुढचं चाक कोणत्या वळणावर थरथरत होतं, सगळं. प्रत्येक मेसेजच्या आधी तेच दोन शब्द, "आता बघा." रेस तर संपली होती. बघायला काही उरलंच नव्हतं.

कराड आलं तरी मेसेज येतच होते. शेवटचा होता, "मध्ये उभा राहिलो, सगळ्यांची रेस खराब केली. सॉरी."

खिडकीकडे तोंड करून मी रडले. सॉरी आम्ही म्हणायला हवं होतं. तसं मी लिहिलंही, बाकीच्यांनीही लिहिलं. त्यांनी फक्त अंगठा पाठवला...

त्यानंतर दोन रेस झाल्या. संतोषने लिहिलं, "दादा, तुमच्याबिगर रेस बगायला मजा न्हाई." दादांनी वाचलं, पण उत्तर आलं नाही. आम्ही सगळे रेस सोडून ग्रुपकडेच बघत बसलो होतो. "आता बघा" काही आलं नाही.

आमच्यात त्यांना मोकळेपणाने बोलायला एकच जागा होती. ती मी मोठ्या हौसेने ड्रॉवरमध्ये बंद केली. याचं वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

दादा, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. रविवारी रेस आहे. टाईप करा, बोला, नाहीतर भिंतीपाशी येऊन उभे राहा... तुमचं वाक्य तुम्हीच पूर्ण करायचं. आम्ही थांबतो.