जुन्या गावातल्या घागरी

बायको गेली तवापासून लातुरात पोराकडं राहतो. पोरगा क्लासच्या मुलांना डबे देतो. आखिती जवळ आली. मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर ठेवायचा सण. पोरगा म्हणतो, गॅलरीत ठेवू. मला काही बसवत न्हाई. उठतो, जिन्यापर्यंत जातो, परत येतो. त्यापरीस एका आखितीचं लिहितो.

भूकंपानंतर आमचं गाव दुसरीकडं वसलं. जुन्या गावात दगडांचे ढीग अन् वेड्या बाभळी उरल्या. उन्हाळ्यात हरणं, डुकरं तिथं सावलीला यायची. तरणी पोरं शिकवणीला लातूर-नांदेड धरून बसलेली, म्हणून वनखात्यानं आम्हा उतारवयाच्या चौघांना राखण दिली. हातात काठी, गळ्यात शिट्टी, अन् जनावरांचा सिमेंटचा हौद रोज भरायचा. जनावराला माणसापासून राखायचं, माणसाला जनावरापासून.

त्या साली एक रानडुकरीण नेमकी माझ्याच पडक्या घरात व्याली. एका गुराख्याची मांडी तिनं फाडली, तवा मी आत जायला सगळ्यांनाच बंदी केली. अन् आखिती आली. बाया घागरी घेऊन वेशीत उभ्या. भूकंपात प्रत्येकीचं कुणी ना कुणी गेलेलं, अन् पाणी ठेवायचं ते जुन्या दारात. सगळ्यांच्या पुढं माझीच बायको. आमची धाकटी पोर त्याच घरात दबून गेली होती.

माझा चुलतभाऊ राखणीला संगं होता. हळूच म्हणाला, "दादा, वहिनीला तेवढं जाऊ दे."

तिनं ऐकलं. "का? बाकीच्यांची लेकरं लेकरं न्हाईत?" मग माझ्याकडं वळली. "डुकरिणीला माझं घर मोकळं, अन् माझ्या पोरीला पाणी न्हाई. काय पण राखण!"

तिनं घागर माझ्या हातात दिली. "तुमी जा. रोज हौद भरता, तुमाला ती वळखती."

एकीची नेली की सगळ्यांच्या नेणं आलं. मी एकेक घागर घेऊन आत जायचो, बाया लांबून वरडून दार सांगायच्या. मला सगळे दगड सारखे. त्यांना उंबरा न् उंबरा पाठ.

"ते न्हाई भाऊजी! ते माझ्या जावंचं दार! तिच्या दारात माझा सासरा थेंब प्यायचा न्हाई!"

बाया हसल्या. मी घागर उचलून चार हात सरकवली.

शेवटी आमचीच राहिली. डुकरीण आडवी पडलेली, पिल्लं लुचत होती. मी जवळ गेलो तशी उठली. मान खाली घातली, पाठीवरचे केस उभे केले. मला जायचंच होतं. एक पाऊल टाकलं.

"मागं फिरा!" बायको वरडली. "मागं फिरा म्हणते ना!"

होतो तिथंच घागर टेकवली अन् डुकरिणीला पाठ न दाखवता मागं सरकत आलो. बायकोला म्हणालो, "शेजारणीच्या दारात राहिली गं. आपल्या न्हाई."

"चालंल," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पोर दिवसभर तिथंच पडीक असायची."

मला हे म्हाईतच नव्हतं. मी दिवसभर रानात असायचो.