माशावरचा हात

किर्तीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. आधी चहा. मग आईच्या डोक्यावर पाटी चढवायची आणि गल्लीच्या तोंडापर्यंत तिचा हात धरून जायचं. आई, गुणवंती, भाऊच्या धक्क्यावरून मासळी घ्यायची आणि भोईवाड्याच्या बाजारात बसायची. तिला सोडून किर्ती परतायची आणि ओट्यावर लॅपटॉप उघडायची.

शिवडी कोळीवाड्यात माझी खोली त्यांच्या समोर. गोदीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गोणी वाहिलेल्या अंगाला पहाटे झोप लागत नाही. मीही बाहेर बसायचो.

“भावजी, चोर पन झोपलं, तुमी कशाला जागं?” गुणवंती जाता जाता म्हणायची. म्हणताना भिंत धरायची. दोन्ही गुडघे गेले होते. बदलावे लागतील, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. किर्तीची परळच्या कंपनीतली नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की झाली की गुडघे, असं मायलेकींचं ठरलं होतं.

बसून होतं त्याला मी काम म्हणत नसे. एकदा किर्तीला तसं बोललोही. ती हसली, सरकून मला जागा दिली आणि सगळं समजावून सांगितलं.

एका हॉस्पिटलात नंबर लावायचं काम तिच्या कंपनीकडे होतं. गावोगावचे लोक मोबाइलवर रोग्याचा फॉर्म भरतात. तो घ्यायला चार सर्व्हर, चौघांचं काम एकच. त्यांच्या पुढे एक वाटाड्या. येणाऱ्या माणसाला तो चौघांपैकी एकाकडे धाडतो. पण माणूस ज्याच्याकडे गेला, त्याचा अर्धा भरलेला फॉर्म त्या एकाच सर्व्हरच्या ध्यानात असतो. तो मध्येच बंद केला की फॉर्म गेला. पहिल्यापासून भरा.

आणि बंद तर करावाच लागतो. जुना प्रोग्राम काढून नवा घालायचा असतो. ते किर्तीचं काम. आधी वाटाड्याला सांगायचं, याच्याकडे नवं माणूस पाठवू नको. मग आत असलेल्यांचं होईपर्यंत थांबायचं. शेवटचा माणूस गेला की सर्व्हर बंद.

पहिल्या खेपेला ती चुकली होती. आतून हालचाल दिसेना, म्हणजे सगळे गेले, असं समजून तिनं सर्व्हर बंद केला. ते गेले नव्हते. कोणी रोग्याचा जुना कागद शोधत असेल, कोणी चष्मा. हॉस्पिटलात तक्रारींचा ढीग पडला. तिचा साहेब पुष्कर. त्यानं स्वच्छ सांगितलं, पुन्हा गोंधळ झाला तर घरी बसायचं.

गुणवंतीनं त्या दिवशी पाटी धुता धुता ऐकून घेतलं. रागावली नाही. म्हणाली, “गिऱ्हाइकाचा हात मासलीवर हाय तवर पाटी उचलायची नाय. बोलत नसला तरी. लानपनापासून बाजूला बसलीस ना माझ्या?”

बाजारातल्या बायकांचा तो नेम आहे. कितीही उशीर होवो, मोडत नाहीत.

दुसऱ्या खेपेची पहाट मला अजून दिसते. खाडीला ओहोटी लागली होती. पाणी आवाज न करता मागे जात होतं आणि चिखल चांदीसारखा उघडा पडत होता. पडद्यावर आत किती माणसं उरली त्याचा आकडा तसाच उतरत होता. एकेक माणूस आपलं आटोपून निघून जात होता, कुठल्या गावात, कुठल्या खाटेशेजारी, देव जाणे. मला वाटलं, लांब पाण्यावरचे होड्यांचे दिवे एकेक करून किनाऱ्याला लागताहेत. माझा डोळा लागला असावा. जागा झालो तेव्हा उजाडायला आलं होतं आणि एकच दिवा उरला होता.

तो हलेना.

पुष्करचा फोन आला. सातला नंबर उघडणार, गर्दी होणार, त्याला चारही सर्व्हर हवे होते. तिनं सांगितलं, एक माणूस आत आहे.

“एकच ना? काढून टाक. एक माणूस तक्रार करत नाही.”

“सर, तो गेलेला नाही. गप्प आहे.”

“आणि सातला सर्व्हर उभा नसला तर?”

“तर माझ्यावर टाका.”

फोन ठेवून किर्ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. बटण जवळच होतं. कपाळावर घाम आला. बसल्या जागी एवढा घाम मी गोदीतसुद्धा पाहिला नव्हता. त्यानंतर मी त्या कामाला नावं ठेवली नाहीत.

“अप्पा, कोण असेल?” तिनं मला विचारलं.

“असेल कोणी. चष्मा शोधत.”

चिखलावर ऊन उतरलं. भरतीचं पहिलं पाणी बोटभर आत आलं, आणि पडद्यावर एकाचा शून्य झाला. फॉर्म पुरा भरून पोचला होता. किर्तीनं दोनदा खात्री केली. मग सर्व्हर थांबवला, नवा प्रोग्राम घातला, पुन्हा उभा केला आणि वाटाड्याला कळवलं. गर्दी आली तेव्हा चौघेही जागेवर होते. पुढे नोकरी पक्की झाल्याचं पुष्करनंच सांगितलं.

पैसे साठायला वेळ लागला. साठले तेव्हा गुणवंती अडून बसली. बाजारातली जागा अशी टाकून कशी उठू? जुनी गिऱ्हाइकं कुठं जातील? किर्तीनं वाद घातला नाही. नवं गिऱ्हाईक बाजूच्या बाईकडे पाठव, म्हणाली. जुन्यांना एकेक करून सांग, मग ऊठ.

तसंच झालं. शेवटच्या दिवशी मी बाजारात गेलो होतो. जुन्या गिऱ्हाइकांतली परळची ओल्गाबाई तेवढी उरली होती. तिला कमी दिसतं, म्हणून ती बोंबील हातानं चाचपून घेते. बाजार उठला, फरशीवर पाणी मारलं गेलं, तरी बाईचा हात पाटीतच. गुणवंती दुखरे पाय पसरून बसून राहिली. हात निघाला, तेव्हा तिनं पाटी उचलली.

किर्तीचा साठलेला सगळा पगार त्या दोन गुडघ्यांत गेला. आता गुणवंती ओट्यावरून भिंत न धरता उतरते.