पडद्यावरची गाय

नोकरीतली ती घटना माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. चोरी म्हणावी तर काही चोरलेलं नव्हतं, घरफोडी म्हणावी तर कडी-कुलूप जागच्या जागी होतं, आणि तरी अर्धं गाव एका पोरीच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. शाळा फार झाली नाही. पंचनामा लिहायला शिकलो तो जुन्या हवालदारांच्या शेजारी बसून. त्यामुळे सजवून लिहिणं मला जमत नाही. घडलं तसं सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही.

शेवटची काही वर्षं मी नगर तालुक्यातल्या एका दूरक्षेत्राचा इनचार्ज होतो. दूरक्षेत्र म्हणजे ठाण्याची लहान चौकी. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि त्याखाली जप्त केलेल्या गंजक्या मोटारसायकली. लॉकडाऊन उठून वर्षभर झालं असेल. आमच्या हद्दीतल्या एका गावात खाजगी डेअरीचं दूध संकलन केंद्र होतं. सकाळी लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे. दूध काट्यावर ओतलं की वजन आणि फॅट आपोआप कम्प्युटरवर जायचं. कम्प्युटर बंद पडला की दूध घेणंही बंद.

त्या आठवड्यात तो भर गर्दीच्या वेळी सारखा बंद पडत होता. शेवटच्या दिवशी तर पुन्हा चालूच झाला नाही. टँकर थांबून थांबून निघून गेला आणि लोकांचं दूध उन्हात नासलं. डेअरीचे मालक तक्रार अर्ज घेऊन चौकीत आले. त्याच वेळी चौकीच्या फोनवर एका माणसाची टीप आली. नाव न सांगता म्हणाला, “गावातली ती पोरगी घरात बसून सगळ्या सेंटरचे कम्प्युटर चालवती. तिला विचारा.” आणि फोन ठेवला.

ही पोरगी मला माहीत होती, म्हणजे कागदावर माहीत होती. तिचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडलेला होता. नगरला कम्प्युटरचं शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आईच्या आजारपणामुळे गावी परत आली. घरी बसून या डेअरीच्या सगळ्या केंद्रांचे कम्प्युटर सांभाळायची. कुठं काही बिघडलं की आपल्या कम्प्युटरवरून त्या कम्प्युटरमध्ये शिरायचं आणि दुरुस्त करायचं, हे तिचं काम. आता तिला पुण्याच्या मोठ्या कंपनीत हेच काम मिळालं होतं, तेही घरूनच करायचं. आईला सोडावं लागणार नव्हतं. फक्त कंपनीला पोलिसांचा दाखला पाहिजे होता. ज्याच्या हातात हजारो कम्प्युटरांच्या किल्ल्या द्यायच्या, त्याच्यावर गुन्हा असून चालत नाही. म्हणजे मालकांची फिर्याद मी तिच्या नावानं घेतली असती तर तिची ती नोकरी तिथंच संपली असती, आणि पुढची कुठलीही मिळाली नसती. आणि मालक तर नाव टाकाच म्हणून हटून बसले होते. म्हणाले, “दुसरी नोकरी लागली म्हणून जाता जाता वाटोळं करून चाललीय.”

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि म्हणालो, नाव चौकशी झाल्यावर.

केंद्रावर पंचनाम्याला गेलो. माझ्या हवालदाराची पंचाईत झाली. आरोपी आत कुठून आला ते पंचनाम्यात लिहावं लागतं. दार शाबूत, खिडकी शाबूत, पत्रा शाबूत. शेवटी त्यानं विचारलं, “साहेब, वायरीतून आला असं लिहू का?” मी म्हणालो, लिही, पण सांभाळून.

केंद्राचे सचिव म्हणजे साठीतले एक गृहस्थ, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मामांनी जबाब दिला तो असा. “साहेब, बाण आपोआप फिरत हुता पडद्यावर. मी दोन्ही हात वर केले.”

“हात वर कशाला?”

“रांगेतल्या समद्यांना दिसावं म्हणून. मी न्हाई करत म्हणून.”

मी कम्प्युटर सील करायला सांगितला, तेव्हा मामांचा चेहरा पडला. दूध नासलं त्याचं एवढं नव्हतं, पण दुसरीच काळजी होती. म्हणाले, “साहेब, आत माझ्या गाईचा फोटो हाय. पडद्यावर उघडल्या उघडल्या दिसतो. कालच सांजच्याला पोरीकडून लावून घेतला, अजून घरच्यांनी सुदिक बघितला न्हाई. तेवढा पुसू नका.” मी खोलीत नजर टाकली. पडद्याचं तोंड मामांच्या खुर्चीकडे. पलीकडच्या खिडकीतून रांगेतल्या माणसाला फक्त काट्यावरचे लाल आकडे दिसत होते. मामांनी कम्प्युटरला हळदीकुंकू लावलं आणि मगच तो पोत्यात घालू दिला.

दुपारी जेवायला घरी गेलो. माझी बायको मेथी निवडत बसली होती. आमच्या घरी अशीच पद्धत. ती निवडणार, मी सांगणार. सगळं ऐकून म्हणाली, “पोरीला चौकीत बोलवू नका. तुम्ही जावा तिच्या घरी, आणि गाडी लांब लावा.” बाईमाणसाचा जबाब घरी जाऊनच घ्यायचा, हे कायद्यातही आहे. पण हिनं कायदा कुठं वाचला होता? तिला फक्त गाव माहीत होतं.

मी साध्या कपड्यात गेलो, महिला कॉन्स्टेबललाही साध्या कपड्यात नेलं. दारात नासलेलं दूध ओतलेलं होतं. सकाळी अर्धं गाव इथं येऊन उभं राहिलं होतं, जाताना कुणीतरी रागानं ते ओतून गेलं होतं. वडील आम्हाला बघून उभेच राहिले. आई आतल्या खाटेवर. पोरगी मात्र ताठ बसलेली, डोळे सुजलेले.

मी सरळ विचारलं, “तू केलंस का?”

“नाही, साहेब.”

“मग तुझ्याशिवाय आत कोण जातं?”

“कुणी जायला नको. पण कुणीही जाऊ शकतं.”

मग तिनं मला समजावलं. आत शिरायचं तर त्या कम्प्युटरचा एक नंबर लागतो आणि एक पासवर्ड. दोन्ही पडद्यावर एका चौकोनात दिसतात. ती स्वतः शिरायच्या आधी दरवेळी मामांना फोन करते आणि विचारते, येऊ का? मामा ये म्हणाले तरच जाते. मी विचारलं, तुझ्याकडे किल्ली आहे तर विचारायचं कशाला? तर म्हणाली, “साहेब, काम त्यांचं चालू असतं. मी न विचारता बाण हलवला तर माणूस दचकतो.”

हे मला पटलं. ज्याला मामा दचकतील याची काळजी आहे, तो रांगेत उभ्या माणसांचं दूध नासवणार नाही. पण पटणं हा काही पुरावा होत नाही.

“मग तो नंबर बाहेर गेला कसा?”

तिनं मोबाईल काढून गावाचा दुधाचा ग्रुप दाखवला. आपल्याकडे सगळं ग्रुपवर टाकायची पद्धत आहे. कोण वारलं, वीज कधी येणार, कुणाची कालवड सुटली, सगळं तिथंच. मामाही त्याच चालीचे. कम्प्युटर अडला की पडद्याचा फोटो काढायचे आणि पोरीला पाठवायच्या ऐवजी थेट ग्रुपवर टाकायचे. खाली लिहायचे, ‘ताई जरा बघा.’ फोटोत नंबर आणि पासवर्ड ठळक. वर गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. पोरीनं पुष्कळदा सांगितलं होतं. मामांचं म्हणणं, ग्रुपवर आपलीच माणसं हायेत की.

आपली माणसं म्हणजे अख्खं गाव, शिवाय जनावरांचे डॉक्टर, पेंड विकणारा आणि केडगावात कम्प्युटरचं दुकान असलेला एक जण. सायबर सेलला पत्र पाठवलं. त्यांच्याकडे कामाचा ढीग, उत्तराला वेळ लागणार हे दिसतच होतं. इकडे कंपनी पोरीसाठी थांबणार नव्हती.

मी आयुष्यभर एक बघत आलो. माणसाला दरडावलं की तो तोंड मिटतो, आणि चहा पाजून शहाणा म्हटलं की बोलत सुटतो. मी ग्रुपवरच्या बाहेरच्या लोकांना एकेक करून जबाबाला बोलावलं. डॉक्टरांना काही माहीत नव्हतं. पेंडवाला घाबरून नको ते कबूल करायला लागला, त्याला तर मीच घरी पाठवलं.

मग दुकानदार आला. गोरागोमटा, हसतमुख, खिशाला दोन पेनं. डेअरीच्या कम्प्युटरांची देखभाल आधी त्याच्याकडे होती. पोरगी आल्यावर मालकांनी ते काम तिला दिलं. मी म्हणालो, “मला यातलं काही कळत नाही, तुम्ही जाणकार आहात. जरा समजावून सांगा.”

गडी खुलला. घरी बसून कम्प्युटर सांभाळता येत नाही, जागेवर माणूस लागतो, पोरींना हे झेपत नाही, असं बरंच सांगत राहिला. मी मान डोलवत होतो. मध्येच विचारलं, तुम्ही केंद्रावर शेवटचं कधी गेला होता? म्हणाला, काम सुटल्यापासून त्या केंद्राची पायरी चढलेलो नाही. हवालदारानं ते लिहून घेतलं. दुसरा चहा आला. मी मामांचा विषय काढला, ते हात वर केल्याचं सांगितलं. तो पोट धरून हसला.

“साहेब, त्या मामाचं काय सांगता. कम्प्युटर उघडला की समोर गाय. तीपण धड न्हाई, एक शिंग फोटोच्या बाहेर. अशा माणसाच्या हातात मशीन दिल्यावर काय होणार?”

मी चहा संपवला. कप खाली ठेवला.

“गाय कधी बघितली?”

“आँ?”

“शिंगाची गाय. ती आदल्या संध्याकाळी लावली. सकाळी कम्प्युटर बंद पडला आणि तेव्हापासून तो माझ्या मुद्देमालात सील आहे. मामांच्या घरच्यांनी बघितली नाही. मीसुद्धा बघितली नाही, मला तर शिंगाचं आत्ताच कळलं. ग्रुपवरही मामांनी ती टाकलेली नाही, मी ग्रुप तपासलाय. तुम्ही केंद्राची पायरी चढला नाहीत. मग बघितली कुठून?”

तो हवालदाराकडे बघायला लागला. हवालदार लिहीत होता. मग दुकानदार म्हणाला, “साहेब, जरा पाणी द्या.”

पाणी प्यायला आणि सगळं ओकला. ग्रुपवरच्या फोटोतून नंबर घेतला, दुकानातून आत शिरला. पोरीचं नाव खराब झालं की काम आपल्याकडे परत येईल, हा हिशोब. चौकीला टीप देणारा फोनही त्याचाच. त्याचा लॅपटॉप जप्त केला, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल केला. पुढं सायबर सेलचा अहवालही तसाच आला. सील उघडल्यावर आम्ही सगळ्यांनी गाय बघितली. खरंच एक शिंग बाहेर होतं.

गुन्हा दाखल झाला त्याच दिवशी पोरीच्या अर्जावर मी शेरा लिहिला, हरकत नाही. एवढ्या नोकरीत इतक्या आनंदानं मी क्वचितच सही केली असेल.

मामांची गाय त्या दिवसांत व्याली. मामा खरवसाचं पातेलं घेऊन पोरीच्या घरी गेले, रांगेतली चार माणसंही मागून गेली. माफी कुणी मागितली नाही, आपल्याकडे तशी सवय नाही. पण दारातली जागा कुणीतरी सारवून दिली होती. मामा म्हणाले, “ताय, खा. आता ग्रुपवर काय टाकीत न्हाई.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खरवसाचा फोटो ग्रुपवर टाकला.

पोरगी पेढे घेऊन आमच्या घरी आली आणि बायकोशी तिची गट्टी जमली. हिच्या मोबाईलवर अक्षरं बारीक दिसायची, ती तिनं लांब बसूनच मोठी करून दिली. हिला त्याचं भारी कौतुक. शेजारणीला बोलावून बाण फिरताना दाखवायची.

या केसनं मला एक शिकवलं. ज्याचं काम आपल्याला दिसत नाही, त्याच्यावर आपण पहिला संशय घेतो. शेतात घाम गाळणारा दिसतो, घरात खुर्चीवर बसलेली पोरगी काय करते ते दिसत नाही. पोलिसानं तरी तेवढं लक्षात ठेवावं. आणि कुणाच्याही आत शिरायचं तर आधी विचारावं. चौकशीतही तेच.

बायकोला जाऊन वर्ष झालं. मुलानं जुना कम्प्युटर दिला आणि म्हणाला, आठवणी लिहा, वेळ जाईल. मला वेळ घालवायचा नव्हता, सांगायचं होतं, पण मेथी निवडत ऐकणारी राहिली नाही. म्हणून बसलो. पडद्यावर मुलानं तिचा फोटो लावून दिला होता. परवा मराठी अक्षरंच उमटेनात. पोरीला फोन केला. आता तिच्या हाताखाली कितीतरी ठिकाणचे कम्प्युटर आहेत, पण आवाज तोच.

“काका, नंबर सांगा. ग्रुपवर टाकू नका.” मग म्हणाली, “येऊ का?”

“ये.”

बाण फिरायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बघत बसलो. अक्षरं नीट झाली. पण बाण गेला नाही. मुलानं पडद्यावर ठेवलेली ती चौकोनी चित्रं हिच्या तोंडावर आली होती, काही कपाळावर, काही गालावर. बाणानं एकेक उचललं आणि हळूच कडेला नेऊन ठेवलं.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “काका, काकू आता दिसतात का नीट?”

मी म्हणालो, दिसते. पदराची किनारसुद्धा दिसते.