सरांच्या चित्राखालचा शिक्का

हे मी आजवर कुणालाही बोललो नाही — बायकोलासुद्धा नाही. आज का बोलतोय? माहीत नाही.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला प्रवरेकाठच्या बेलापुरात माझा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, असली कामं. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर एक दिवस जुन्या पोस्टरांचा गठ्ठा घेऊन आले. स्वातंत्र्याआधी मुंबईत भरलेल्या एका प्रदर्शनाची पोस्टरं — त्यांवर सरांचं चित्र. प्रवरेच्या पाण्यात मेंढरं धुणारे धनगर. मूळ चित्र तिथेच विकलं गेलं. कुणी नेलं, ते सरांना कधी कळलं नाही. घर गळतंय, तुझ्याकडे कोरडी राहतील, म्हणाले.

मी ती कापली. हो, कापली! प्रदर्शनाची ओळ, सरांचं नाव, सगळं कात्रीखाली गेलं. उरलेलं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं, खाली कॅलेंडर जोडलं आणि कोपऱ्यात ऐटबाज शिक्का छापला — ‘कलासंग्रहालय, मुंबई’. या नावाचं काही आहे की नाही, हेही पाहिलं नाही. नगरच्या दुकानांत माल हातोहात खपला. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आणि त्यातलंच एक कॅलेंडर सरांच्या हाती लागलं. ते घेऊन धापा टाकत छापखान्यात आले. “नाव नाही रे टाकलं संग्रहालयानं. पण चित्र सांभाळलं!” डोळे भरून आले होते त्यांचे. तेव्हाच सांगायला नको होतं का? मी म्हणालो — छान झालं, सर.

मग ते चित्र पाहायला मुंबईला निघाले. एसटीत बसवायला मीच गेलो. पिशवी वर ठेवली, खिडकी उघडून दिली — तोंड मात्र उघडलं नाही.

चार दिवसांनी परतले. छापखान्यापुढे माणसं जमली. शेजारच्या बबननं विचारलं, “सर, घावलं का चित्र?”

आणि मी — माझ्यावर संशय नको म्हणून मी — हसत विचारलं, “कुठं लावलंय, सर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेवढ्यानंच मला कळलं, त्यांना सगळं कळलंय.

“जिन्याजवळ,” ते म्हणाले. “उजेड चांगला आहे तिथं.”

वर्गात एखाद्यानं सावली चुकीच्या बाजूला काढली, तरी सर वही परत करायचे. त्या दिवशी ते चारचौघांत खोटं बोलले. मी बोलायला लावलं.