मंडईचं बोलावणं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि ती तर माझ्या तोंडावरूनच ओळखते, चहात साखर कमी पडली की आणखी काही बिनसलं.

तसं पाहिलं तर गोष्ट लहान आहे. एक फोन, त्यावर एक वाक्य — संपलं. मग ती इतकी वर्षं का टोचते?

आमचं घर विणकराचं. मोहाडीकडचं गाव, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या. माग आता मोजकेच उरलेत, म्हणून मी साड्यांची वेबसाइट काढली. ती काढणं सोपं होतं हो. लोकांनी ती उघडावी कशी? मी दिसेल त्या ग्रुपवर लिंक टाकत सुटलो. सकाळी टाकायचो, संध्याकाळी पुन्हा. तुमसरच्या चुलतभावानं सगळ्यांसमोर लिहिलं, "भाऊ, रोज रोज कायले पाठवून राहिला? साडी नेसू का मी आता?" लोक हसले. मग एकेक जण ग्रुप सोडून गेला.

तेव्हा मी शिकलो. ग्रुपवर काही टाकायचं नाही. एकेकाला, नावानं लिहायचं. आधी त्याची चौकशी, त्याच्या घरचं काहीतरी — गुडघा, पोरीची परीक्षा, धानावरचा रोग. लिंक अगदी शेवटी, जाता जाता आठवल्यासारखी. तीही सणासुदीलाच. कोणी चिडेना. उलट लोक म्हणायला लागले, बाबू किती आठवण ठेवते! गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा अर्धं गणगोत तिकडे गेलं असं वडील म्हणायचे. माझ्या मेसेजांनी ते परत एका ओसरीवर आणून बसवलं, असंही एकानं लिहिलं. मला ते खरंच वाटलं. आजही विणकरांची पोरं विचारायला येतात — काका, लोकांना त्रास न देता जाहिरात करायची कशी? मी सांगतो. सगळं सांगतो. एवढं सोडून.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी मेसेजात एक ओळ घातली. 'आपल्या गावची मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे, नक्की या, घरी वाट पाहतो.' खाली लिंक. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा; तिचं बोलावणं आलं की माणूस विरघळतो. रात्री दंडारीचा नाच-तमाशा पाहणं होतं, पाहुणे भेटतात, सोयरीकही जमते. येणारे येतात, न येणारे 'पुढच्या वर्षी' म्हणतात. कोणाला राग येणार? ओळ तीच ठेवायची, वरचं नाव तेवढं बदलायचं. त्यात एक नाव आत्याचं होतं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लाखांदूरकडे दिलेली. वडील होते तोवर दर मंडईला तिला घ्यायला स्वतः जायचे, कारण लेकीनं माहेरच्या मंडईला बोलावल्याशिवाय यायचं नसतं. ते गेले आणि बोलावणं थांबलं. मी बंद केलं असं नाही — मला सुचलंच नाही. ती माझ्या मोबाइलमध्ये होती, तेवढं पुरे वाटत होतं.

तिला वाचता येत नाही. सुनेनं वाचून दाखवलं. आत्यानं पुन्हा वाचायला लावलं, म्हणे. मग पुन्हा.

मंडईच्या दिवशी नागपूरचं एक गिऱ्हाईक घरी होतं, नवरा-बायको. वेबसाइट पाहूनच आलेले. माग पाहत होते, फोटो काढत होते. मी गच्चीवर साड्या पसरत होतो तेव्हा फोन वाजला.

"बाबू, मी आली ना! फाट्यावर उतरली. दोन एसट्या बदलल्या, कंबर मोडली, पाह्य. कोणाले पाठवते का मले घ्याले?"

आत्या मोठ्यानं बोलते. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाते, खाली बसली की पाय पसरून बसते, आणि तिनं येताच सगळ्यांना सांगितलं असतं — बाबूनं बोलावलं मले. त्या नागपूरच्या बाईंसमोर. मला कशाची लाज वाटली, तिची की माझ्या त्या ओळीची? अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "आत्या, आम्ही तर नागपुरात आहो. घराले कुलूप आहे."

खालून मंडईतली ढोलकी ऐकू येत होती. तिलाही तीच ऐकू येत असणार — फोनमधूनही, आणि गावाकडूनही. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ती एवढंच म्हणाली, "बरं बाबू. काही नाई. काम राहते माणसाले."

बायकोनं विचारलं कोणाचा फोन, तर मी म्हणालो, कंपनीचा.

संध्याकाळी फाट्यावरचा चहावाला दारात आला. हातात फडक्याची गाठोडी. नव्या धानाचे पोहे. "तुमच्या आत्यानं देल्ले. नागपूरवरून आले का दे म्हणे." माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कधी आले मंग नागपूरवरून?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"हो का," म्हणाला, आणि गेला.

पोहे आम्ही खाल्ले. गोड होते. बायकोला सांगितलं, मंडईतून आणले.

आत्या कधी रुसली नाही. रुसली असती तर बरं झालं असतं का? त्यानंतर लाखांदूरकडून साड्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. विचारलं की उत्तर एकच — तुमच्या आत्यानं सांगितलं. ती लग्नघरात, दळणाच्या चक्कीवर, बसमध्ये शेजारी बसेल त्या बाईला सांगते, "माह्या भाच्याचं दुकान हाय, मोबाइलमंधी. लेकरू गुणाचं हाय." आणि सुनेकडून लिंक पाठवते. तिच्यावर कोणी चिडत नाही. मला शिकावं लागलं ते तिनं कधी शिकलेलंच नाही.

आत्या आहे अजून. आता कमी दिसतं तिला. दर दिवाळीला मी तिला मेसेज पाठवतो, लिंक न टाकता. तब्येत विचारतो, खरोखर विचारतो. मंडईचा शब्द मात्र त्यात येत नाही. बोट तिथे थांबतं.

लाखांदूरला जाऊन, वडील जात तसं, तिच्या दारात उभं राहून तोंडानं द्यायचं एक बोलावणं माझ्याकडे बाकी आहे. आणि त्याच्या आधी एक वाक्य — आत्या, त्या दिवशी मी घरीच होतो.