चालू ट्यूब कशाला बदलायची?

गिऱ्हाईक येतं मासे न्यायला आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातं. गंगापूर रोडला माझं फिश टँकचं दुकान आहे. आता माशांपेक्षा किश्शांनाच जागा कमी पडते. त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे: खाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या ट्यूब किती महिन्यांनी बदलायच्या?

माझं उत्तर ठरलेलं. दहा-बारा महिन्यांनी, आणि एका वेळी एकच. ट्यूब पेटत राहते, पण कोरलला, म्हणजे जिवंत प्रवाळाला, लागणारा निळा उजेड तिच्यातून कमी होत जातो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. लोक ऐकून घेतात आणि माझ्याकडे असं बघतात, की बाई ट्यूब विकायलाच बसलीये!

*

सगळ्यात अवघड खैरनार सर. तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. रविवारी आम्ही टाकीवाले जमतो; त्या ग्रुपमध्ये ज्याच्याकडे जांभळं कोरल आहे, ते सरांच्याच कोरलच्या तुकड्यापासून वाढलेलं. कोणी नवीन टाकी लावली की सर स्वतः कापून नेऊन द्यायचे.

खैरनार काकू गेल्या त्या वर्षी सरांनी ते कोरल आणलं होतं. "घरात शिरलो की कोणीतरी आहे असं वाटतं," म्हणायचे. आणि नेमकं तेच तपकिरी पडायला लागलं.

"सर, ट्यूब बदला."

"अगं, चालू आहे ना? चालू ट्यूब कोणी काढतं का?"

खरं सांगायचं तर, आमच्या घरी तरी कोण काढतं!

*

मालेगावचे सलीमभाई, यंत्रमागवाले. त्यांनी माझं ऐकून ट्यूब बदलली. जुनी फेकवेना, म्हणून पट्टी ठोकून स्वयंपाकघरात लावली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"वहिनी, घरात कोणी जेवत नाहीये."

"का हो?"

"सालनचा रस्सा निळा दिसतोय. अम्मी म्हणते, पहले ये मछली का उजाला निकाल!"

मी हसत हसत हे ग्रुपमध्ये सांगितलं आणि फसले. सर लगेच म्हणाले, "म्हणजे जुन्या ट्यूबमध्ये निळा उजेड आहे की!"

मी ट्यूबचा विषय त्या दिवसापुरता गुंडाळला.

*

शेवटी दत्तू म्हणाला, "बघू तरी." दत्तू येवल्याचा, पैठणी विणतो, रविवारी ग्रुपसाठी एसटीने येतो; त्याच्या टाकीतलं कोरलही सरांनीच दिलेलं. आम्ही नवी ट्यूब घेऊन सरांच्या घरी गेलो. दत्तूने पिशवीतून जांभळ्या रेशमाचा धागा काढला. आधी सरांच्या ट्यूबखाली धरला, मग नव्या ट्यूबखाली. आम्हाला दोन्हीकडे सारखाच दिसला.

"सर, तुमच्या उजेडात रंग मेलाय. या जुन्या ट्यूबखाली विणलं तर साडी परत येईल. मी नाय बसणार इथं."

सरांनी चष्मा पुसून तीनदा बघितलं. फरक काही दिसला नाही. पण पैठणीवाल्याचा डोळा खोटा कसा म्हणणार? दत्तूला नक्की काय दिसलं, हे मला आजही कळलेलं नाही. विचारलं की म्हणतो, "दिसतंय की!"

*

सरांना पटलं, आणि इतकं पटलं की त्यांनी चारही ट्यूब एकाच दिवशी बदलल्या! "आधीच उशीर झाला होता गं," म्हणाले. अंधाराची सवय झालेल्या कोरलला एवढा उजेड एकदम सोसला नाही. आठ दिवसांत पांढरं पडलं, मग गेलंच.

मी भेटायला गेले तर टाकीवरच्या ट्यूब बंद होत्या आणि सर समोर खुर्ची टाकून बसले होते. चहा घेऊन मी निघाले. मला फार वाईट वाटलं. ग्रुपमध्येही तो विषय कोणी काढेना.

*

दोन-अडीच महिन्यांनी दत्तू सकाळच्या एसटीने आला, टॉवेलात गुंडाळलेला डबा मांडीवर धरून. दुकानातून मला उठवलं आणि थेट सरांकडे घेऊन गेला. डब्यात खारं पाणी, आणि त्याच्या कोरलचा चांगला वीतभर जांभळा तुकडा.

"सर, लेक माहेरी आणलीये."

सरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. झाकण काढून कितीतरी वेळ बघत राहिले. डोळे भरले होते. मग दत्तूकडे बघून म्हणाले,

"तुझी ट्यूब किती महिन्यांची आहे रे?"